कुंकू आले, केशर आले नाही



आम्ही खुटबावचे. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवत मागे टाकले आणि केडगाव यायचे राहिले, की मध्ये आमचे छोटेसे स्थानक लागते. उसाचे, कांद्याचे, गव्हाचे हे गाव. तेव्हा अशा गावच्या माणसाने काश्मीरच्या केशरावर बोलावे हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. पण या विषयाकडे आम्हांला कोणत्याही ग्रंथाने नेले नाही. नेले ते आमच्याच भावकीत घडलेल्या एका फसवणुकीने. ती हकीकत यथावकाश सांगू. आधी थोडा इतिहास पाहिला पाहिजे, कारण त्या फसवणुकीची मुळे आमच्या मते फार जुन्या काळात आहेत.

याच लोहमार्गाने सोलापूरच्या दिशेने पुढे गेले, भिगवण आणि जेऊर मागे पडले, की केम नावाचे स्थानक येते. करमाळा तालुक्यातले हे गाव कुंकवासाठी सगळ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. जुन्या पद्धतीने कुंकू होते ते हळदीचे. हळदीवर चुना, टाकणखार, लिंबाचा रस यांची प्रक्रिया केली की पिवळ्याचे लाल होते. क्षाराचा स्पर्श झाला की हळद रंग पालटते, हे हळदीचा डाग साबणाने धुणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. म्हणजे कुंकवात केशराचा एक तंतूही नसतो. पण त्याचे नाव? ते 'कुंकुम' या संस्कृत शब्दावरून आले, आणि कुंकुम म्हणजे केशर! अमरकोशात कुंकुमाचे पर्याय दिले आहेत. त्यांत काश्मीरात जन्मलेले असे एक नाव आहे, बाल्हीक देशावरून पडलेले एक आहे, अग्निशिख आहे, लोहितचंदनही आहे. यांपैकी एकही नाव हळदीच्या भुकटीला लागू पडत नाही. दूर देशच्या महाग वस्तूचे नाव आपण घेतले, आणि ते घरच्या हळदीला देऊन आपल्या लेकीसुनांच्या कपाळी लावले. यात कोणी कोणाला फसवले नाही. नाव आले, रंग आला, मान आला. फूल मात्र आले नाही.

'केसर' हा शब्दही मोठा गमतीचा आहे. त्याचा मूळ अर्थ तंतू, आयाळ. आयाळ असलेला तो केसरी, म्हणजे सिंह. १८८१ च्या जानेवारीत पुण्यात निघालेल्या वृत्तपत्राचे नाव रंगावरून पडले असे समजणारे सुशिक्षितही आम्हांला भेटले आहेत. ते सिंहाचे नाव आहे. कालिदासाने या दोन अर्थांचा मोठा सुरेख मेळ घातला आहे. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूचे घोडे उत्तरेकडील नदीच्या काठी लोळून उठतात आणि खांद्यांना चिकटलेले कुंकुमाचे केसर झटकून टाकतात. कवीला ते फूल कुठल्या बाजूच्या मुलखात उगवते याची बरोबर कल्पना होती. आपल्या शालेय पुस्तकांत फुलाच्या भागांना पुंकेसर आणि स्त्रीकेसर म्हणतात, तेही याच तंतूच्या अर्थाने. बाजारात मिळते ते केशर म्हणजे त्या फुलातील स्त्रीकेसराची तीन लाल टोके, शास्त्रीय भाषेत कुक्षी. एका फुलात तीन, याहून जास्त नाहीत. एक ग्रॅम सुके केशर हवे तर सुमारे दीडशे फुले खुडावी लागतात, तीही पहाटे, ऊन चढण्याच्या आत. किंमत एवढी का, याचे उत्तर या हिशेबातच आहे.

आता दख्खनशी या फुलाचा संबंध कसा आला ते पाहू. अकराव्या शतकात काश्मीरातून बिल्हण नावाचा एक पंडित देशाटनाला निघाला. मथुरा, काशी असे करीत करीत तो अखेर कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी येऊन पोहोचला. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. बीदर जिल्ह्यातले हे गाव आपल्या सीमेलगत आहे आणि तिथे आजही मराठी कानांवर पडते. सहावा विक्रमादित्य (१०७६–११२६) गादीवर होता. त्याने बिल्हणाला विद्यापती ही पदवी दिली आणि बिल्हणाने त्याचे चरित्र काव्यात लिहिले, तेच विक्रमांकदेवचरित. राजाचे चरित्र लिहिणारे पुष्कळ. पण या गृहस्थाला दख्खनच्या सुखात राहूनही आपले गाव विसरता येईना. ग्रंथाच्या अखेरच्या सर्गात तो आपल्या खोनमुख गावाचे वर्णन करतो, तेथील केशराचे आणि द्राक्षांचे. आरंभीच्या सर्गात तर तो काव्य आणि केशर ही सख्खी भावंडे ठरवतो, आणि शारदेच्या देशाबाहेर या दोहोंचा अंकुर आपण कोठे पाहिला नाही असे सांगतो.

काव्याच्या बाबतीत हा अभिमान आपण मराठी माणसांनी मान्य करण्याचे काही कारण नाही. केशराच्या बाबतीत मात्र त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले, असे म्हणणे भाग आहे. काश्मीरपासून दख्खनपर्यंत आलेला हा मनुष्य. वाटेत त्याने किती शेते, किती उपवने पाहिली असतील! कोठेही ते फूल दिसले नाही. पुढे याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या मानसोल्लासात, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजाच्या उटण्या-सुगंधांत कुंकुम आहे. वापर आहे, लागवड नाही. दरबाराला केशर लागत होते आणि ते उत्तरेतून येत होते.

बिल्हणाचा हा ग्रंथ शेकडो वर्षे दृष्टीआड होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवलेले जर्मन पंडित ब्यूलर यांना १८७४ मध्ये जैसलमेरच्या जैन भांडारात त्याची पोथी सापडली आणि १८७५ मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत त्यांनी ती छापली. त्याच वर्षी ते काश्मीरात गेले असता मुद्दाम बिल्हणाच्या गावी जाऊन आले. आज त्याचे नाव खोनमोह. कवीने लिहिलेले आणि डोळ्यांपुढचे त्यांनी ताडून पाहिले, आणि वर्णन खरे असल्याची साक्ष दिली. जवळच पांपोरची केशराची शेते आहेत. १८७५ हेच न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केल्याचे वर्ष. योगायोग आहे, दुसरे काही नाही. पण अशाच एका मंडपात बोलताना तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

काश्मीरकरांना या फुलाची थोरवी ठाऊक होती. कल्हणाने बाराव्या शतकात राजतरंगिणीत स्वर्गातही दुर्मिळ अशा आपल्या देशच्या वस्तू मोजल्या, त्यांत विद्या, उंच घरे, बर्फाचे पाणी आणि द्राक्षे यांच्या पंगतीत केशर बसवले आहे. अकबराच्या काळी अबुल फझलने ऐने-अकबरीत लागवडीची रीत लिहून ठेवली. एकदा लावलेला कंद सहा वर्षे त्याच जागी फुलतो आणि मग हलवावा लागतो, इतका बारकावा त्यात आहे. जहांगीर बादशहाची गोष्ट याहून मजेदार आहे. पांपोरला फुले बहरात असताना तो गेला, तर त्या उग्र वासाने त्याच्या बरोबरच्या मंडळींची डोकी दुखू लागली. मग त्याने फुले खुडणाऱ्या काश्मिरी मजुरांना विचारले, तर त्यांना डोकेदुखी म्हणजे काय हेच जन्मात ठाऊक नव्हते! बादशहाने ही गोष्ट आपल्या आठवणींत प्रामाणिकपणे नोंदवली आहे.

असो. आता प्रश्न असा की जे फूल हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या दरबाराला हवे होते, ज्याच्या नावाने आपण कुंकू लावतो, जे श्रीखंडात, मसाल्याच्या दुधात, केशरी भातात घातल्याशिवाय आपले सणवार होत नाहीत, ते आपल्याकडे आजवर का रुजले नाही? मिरची अमेरिकेतून आली आणि आपल्या घरची झाली. गुलछडी मेक्सिकोची, ती आज पुण्याच्या फूलबाजारात भाराने येते. मग केशरानेच काय घोडे मारले?

थंडी नाही म्हणून, असे उत्तर बहुतेक जण देतात. ते अर्धेच खरे आहे. या फुलाचे वर्ष कसे चालते ते आधी पाहावे. केशराचा कंद लहान कांद्याएवढा, पण कांद्यासारखा पापुद्र्यांचा नव्हे, आतून भरीव. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जांभळी फुले येतात. मग बारीक गवतासारखी पाने हिवाळाभर बर्फाखालीसुद्धा जगतात. या पानांनी कमावलेल्या अन्नावर जुन्या कंदाच्या डोक्यावर नवी पिले धरतात आणि आई कंद आटून जातो. मे महिन्यात पाने वाळली की कंद झोपी जातो. पण ही झोप फसवी. वर काही दिसत नाही, आणि नेमक्या याच उन्हाळ्यात, तेवीस ते सत्तावीस अंशांच्या कोरड्या उबेत, कंदाच्या पोटात पुढच्या फुलाची घडण होते. शरदात हवा सतराच्या आसपास उतरली की ते फूल वर येते. म्हणजे त्याला ऊबही हवी आणि गारवाही हवा, परंतु क्रमाने, आणि झोपेत असताना पाणी नको.

आमच्याकडचा क्रम नेमका उलटा. आपले रानातले कंद उन्हाळ्यात झोपतात आणि पावसाने उठतात. कळलावी पाहा, बागेतली पावसाळी लिली पाहा. पहिली सर पडली की आठवड्यात फूल. आमचे सारे शेतीचे शहाणपण या एका गोष्टीवर उभे आहे की मृग आला, पेरा. केशराचा कंद मात्र मृगात गाढ झोपेत असतो. कोणी म्हणेल, दौंड तालुका तर अवर्षणाचा, मग कुजण्याची भीती कसली? खरे आहे. श्रीनगरकडे वर्षाला सुमारे ७०० मिलीमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे त्याहून बराच कमी. परंतु तिकडच्या पावसाचा जोर मार्च-एप्रिलात असतो, कंद जागा असताना. आमचा जो काही थोडाफार पाऊस, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, परतीच्या ढगांबरोबर येतो. त्यात आमची काळी जमीन. ती एकदा भिजली की दिवसच्या दिवस ओल सोडत नाही. पांपोरची करेवाची जमीन उंच पठारी, पाणी निचरून टाकणारी.

या वनस्पतीचा आणखी एक विशेष आहे, आणि आमच्या हकीकतीचा सारा भार त्यावरच आहे. केशराला बी धरत नाही. बहुतेक झाडांत गुणसूत्रांचे दोन संच असतात. केशरात ते तीन आहेत, आठ-आठचे तीन, एकूण चोवीस. दोघांची जोडी जमते, तिसरा एकटा पडतो आणि बीज तयार होण्याचा क्रम मोडतो. हे झाड मूळचे कोठले यावर पुष्कळ वाद झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी त्याचा पूर्वज ग्रीसमध्ये, अथेन्सच्या आसपासच्या रानटी जातीत दाखवला. त्याच बाजूच्या थेरा बेटावर साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या भिंतींवर केशराची फुले खुडणाऱ्या स्त्रियांची चित्रे उत्खननात मिळाली आहेत. या चित्रांपासून पांपोरपर्यंत हे झाड गेले ते वाऱ्याने नव्हे की पाखराने नव्हे. माणसाने कंद उकरले, पिशवीत घातले आणि दुसरीकडे पुरले, तेव्हाच ते एक पाऊल पुढे सरकले. माणूस नसता तर हे फूल केव्हाच नाहीसे झाले असते.

आता आमची हकीकत. काही वर्षांमागे आमच्या एका चुलतभावाकडे एक विक्रेता आला. 'अमेरिकन केशर' असे छापलेली रंगीत पत्रके त्याच्याजवळ होती. बियाणे आम्ही देऊ, तयार केशर आम्हीच विकत घेऊ, किलोला अमुक हजार. दर ऐकून ऊस डोळ्यांपुढून नाहीसा झाला. बियाण्याचा भाव सोन्यासारखा, पण भावाने उसनवार करून अर्ध्या एकराचे बी घेतले. आम्हांला विचारले असते तर आम्हीही तेव्हा घे म्हणालो असतो, हे कबूल केले पाहिजे. झाडे उगवली, गुडघ्याच्या वर आली, शेंदरी बोंडे फुलली. भाऊ हरखून गेला आणि आमच्या आत्याला बैलगाडीत बसवून शेत दाखवायला घेऊन गेला. आत्याचे वय ऐंशीच्या घरात. तिने एक बोंड चिमटीत धरले, चुरगाळले आणि म्हणाली, "आरं नाना, ही तर करडई हाय की रं!"

"आत्या, करडईला काटं असत्यात. ह्याला कुठं हायेत?"

"काटं नसू दे. तेल काढलंय मी हिचं जलमभर. मला शिकवतोस व्हय?"

आत्याचेच खरे होते. करडई, संस्कृतातला कुसुंभ. काट्यांवरून ती ओळखायची आपली सवय, पण बिनकाट्याची करडईही असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तसे वाण काढलेले आहेत, ते शेतकऱ्यांच्या सोयीसाठी. चांगल्या कामाचा कोणी असा उपयोग करील हे त्या संशोधकांच्या स्वप्नातही नसेल. करडईच्या पाकळ्यांनी रंग येतो, केशराचा वास आणि चव येत नाही. जगभरच्या बाजारांत केशरात भेसळ करायला हीच पाकळी शतकानुशतके वापरली गेली. विक्रेता पुन्हा दिसला नाही. पत्रकावरच्या पत्त्यावर कोणी राहत नव्हते. भावाने दोन वर्षे कर्ज फेडले. अशा फसवणुकीच्या बातम्या महाराष्ट्राच्या इतर भागांतूनही आल्या आहेत, तेव्हा आमचा नाना काही एकटा भोळा नव्हे.

आम्हांला त्या वेळी एका गोष्टीचा फार विषाद वाटला. 'केशराचे बी' हे दोन शब्द ऐकताच शंका यायला हवी होती. केशराला बीच नसते! शाळेत आम्ही पुंकेसर-स्त्रीकेसर पाठ केले, अमरकोशातले श्लोक पाठ केले, सणाला केशर दुधात खलले, पण ते फूल कसे जगते हे आम्हां कोणाला माहीत नव्हते. हजार वर्षे नाव घरात होते, त्यामुळे वस्तूची ओळख आहे असा समज झाला होता.

मग हट्टाने आम्ही खरे कंद मिळवले. पांपोरकडे फिरायला गेलेल्या भाच्याने दहा कंद आणून दिले. पहिल्या वर्षी पाच लावले, ते अर्थातच जूनमध्ये, हात शिवशिवत होते म्हणून. ऑगस्टात उकरून पाहिले तर पिठासारखा चिखल हाती आला. उरलेले पाच चाळणीत घालून घरातल्या सगळ्यांत गार आणि कोरड्या खोलीत, माळ्याखाली, तसेच ठेवून दिले. दसरा झाला, परतीचा पाऊस सरला, तेव्हा पसरट कुंडीत वाळू आणि चाळलेले खत मिसळून बोटभर खोल पुरले. नोव्हेंबरात एका सकाळी पाहतो तो दोन फुले. जांभळ्या सहा पाकळ्या, तीन पिवळे पुंकेसर आणि बाहेर लोंबणारी तीन लाल टोके. आत्याला बोलावले. तिने कुंडीपुढे वाकून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "एवढंच व्हय रं?"

एवढेच. पुढच्या वर्षी पाने आली, फुले नाहीत. आमचा हिवाळा आखूड. फेब्रुवारी उतरला की ऊन तापते, पाने लवकर वाळतात आणि पिले चणीने लहान राहतात. आठ-दहा ग्रॅमहून हलका कंद सहसा फुलत नाही. तेव्हा खुटबावात केशर एक वर्ष पाहता येते, पिकवता येत नाही, हा आमचा अनुभव. अलीकडे पुण्यात मालवाहू कंटेनरात थंडी आणि ओलावा यंत्राने राखून, मातीवाचून थाळ्यांत कंद ठेवून फुले घेतल्याचे प्रयोग झाले आहेत. ते खरे आहेत, कारण फूल कंदाच्या पोटातल्या शिदोरीवरच येते. पण फुलल्यावर कंदाला माती आणि लांब हिवाळा द्यावाच लागतो, नाही तर दरवर्षी काश्मीरातून नवे कंद आणा. विजेचे देयक आणि कंदांचा खर्च मांडल्याशिवाय कोणी त्यात पडू नये.

हौसेने बागेत लावणाऱ्यांना दोन व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतो. केशराच्या कुळात शंभरावर जाती आहेत. विलायतेत वसंतात फुलणाऱ्या पांढऱ्या-पिवळ्या जाती शोभेच्या, त्यांपासून मसाल्याचे केशर मिळत नाही. त्यांचे कंद आपल्याकडे लावायचे तर आधी दोन-तीन महिने शीतकपाटात ठेवावे लागतात. दुसरी गोष्ट जिवाची. हुबेहूब केशरासारखे दिसणारे एक विषारी फूल आहे, ज्याच्या एका जातीचा कंद आपल्या काष्ठौषधीच्या दुकानांत सुरंजान म्हणून मिळतो. ते आपल्या कळलावीच्या कुळातले आणि दोहोंत तेच जहाल विष. केशराला पुंकेसर तीन, याला सहा. फूल हाती आले की आधी मोजावे. आणि गंमत पाहा, अमरकोशाने अग्निशिखा हे नाव कळलावीलाही दिले आहे!

खुद्द काश्मीरातही सारे आलबेल नाही. १९९६-९७ च्या सुमारास तेथे ५,७०० हेक्टरांच्या आसपास केशर होते, ते पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ३,७०० पर्यंत खाली आले. शरदातला पाऊस चुकू लागला, घरे आणि रस्ते करेवावर चढले, इराणचा स्वस्त माल आला. २०१० मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय केशर अभियान काढले, २०२० मध्ये काश्मिरी केशराला भौगोलिक मानांकन मिळाले. इंग्लंडात सॅफ्रन वॉल्डन नावाचे गाव आहे. सोळाव्या शतकात तेथे केशराची शेते होती म्हणून हे नाव पडले. पुढे शेती गेली, नाव राहिले. बिल्हणाच्या गावाकडे तसे होऊ नये.

आमच्या कुंडीत सध्या तीन कंद आहेत, हरभऱ्याएवढे. या मे महिन्यातही ते चाळणीत, माळ्याखाली आहेत. नाना अधूनमधून येतो, चाळणी हलवून पाहतो आणि विचारतो, "दादा, ह्यो कवा लावायचा?" दसऱ्यानंतर, आम्ही सांगतो. मृगाचे ढग दिसू लागले की तो पुन्हा तेच विचारतो.